ठमीचं खुराडं आणि गल्लीतलं मांजर

बंगळुरूत मारतहळ्ळीला लेकीकडे राहायला आल्यापासून माझं रोज एकच भांडण चालतं, ते खिडक्यांवरून. एवढी ऐसपैस बाल्कनी, पण तिचं दार कायम लावलेलं. धूळ येते, रिंग रोडचा आवाज येतो, एसी चालू आहे, कारणं हजर असतातच. मी फार वाद घालत नाही. "अगं, मांजराला जरा आत येऊ दे," एवढंच म्हणते, आणि लेक निमूट उठून दार सरकवते. जावई मूळचे पुण्याचे. लग्नानंतर पहिल्यांदा हे वाक्य ऐकलं तेव्हा त्यांनी खरोखर बाल्कनीत जाऊन कुंड्यांमागे वाकून पाहिलं होतं. "आई, इथे कुठलंच मांजर नाहीये," असं त्यांनी मला फार अदबीनं सांगितलं. बिचाऱ्यांना कसं कळावं? आमच्या घरात मांजर म्हणजे उजेड, आणि हे मांजर आलं एका सशामुळे. लहानपणीची ती गोष्ट मी अनेकदा तुकड्यातुकड्यांनी सांगितली आहे. आज नीट बसून लिहिते, कारण सांगताना मी हसते आणि हसण्यात आईचा भाग राहून जातो.

बाबांना बंगळुरूच्या एका सरकारी कारखान्यात नोकरी लागली आणि आम्ही कऱ्हाडकडून थेट राजाजीनगरात येऊन पडलो. घर वठारात मिळालं. वठार म्हणजे एका अरुंद अंगणाच्या कडेनं ओळीत बांधलेली बिऱ्हाडं. पुढे मालकीण, मागे भाडेकरू. आमचं बिऱ्हाड अगदी शेवटचं. त्यामुळे अंगणाचा शेवटचा तुकडा आमचा, हा फायदा. आणि तोटा असा की घराच्या तीन बाजूंना दुसऱ्यांच्या भिंती. दार सोडलं तर हवा यायला वाटच नव्हती. त्यातही स्वयंपाकघर सगळ्यात आत, मंगळुरी कौलांखाली. तिथे भर सकाळी दिवा लावल्याशिवाय मीठ कुठलं आणि साखर कुठली ते कळत नसे. आई दिव्याच्या पिवळ्या उजेडात भाकरी भाजायची. भाकरीवरचे डाग दिसायचे नाहीत, म्हणून ती वासावरून उलटायची. रॉकेलच्या स्टोव्हचा धूर कौलांखाली घुटमळत राहायचा, आणि आमच्या पिठल्याला त्याची एक चव असायची. मला ती पुढे कित्येक वर्षं पिठल्याचीच चव वाटत होती. बाहेर मात्र गंमत होती. सकाळी कारखान्यांचे भोंगे, कोपऱ्यावरच्या गिरणीतून ताज्या दळलेल्या कॉफीचा वास, मधूनच नारळाची झावळी धप्पकन पडल्याचा आवाज. मी शाळेत जायचे, बाबा कामावर. आई दिवसभर त्या दिव्याखाली. कानडी तिला येत नव्हतं. भाजी बाबा आणायचे, दूधवाला काहीतरी विचारायचा आणि ती भांडं पुढे करायची. कऱ्हाडला दिवसभर तिच्या गप्पांना खंड नसे. इथे संध्याकाळी आम्ही घरी आलो की तिचा आवाज आधी जरा घोगरा यायचा. दिवसभर न वापरलेला.

ससा आणला बाबांच्या कारखान्यातल्या देसाईकाकांनी. ते बेळगावचे, त्यामुळे मराठी आणि कानडी दोन्ही भाषांत सारखेच मोठ्यानं बोलायचे. त्यांच्याकडे ससे झाले होते बेसुमार, त्यातली एक राखाडी मादी त्यांनी पिशवीत घालून आणली आणि आईच्या हातात ठेवली. "वहिनी, घ्या. हिला कुठलीही भाषा चालते," असं म्हणाले. आईनं तिचं नाव ठमी ठेवलं. आणि दुसऱ्या दिवशी मी शाळेतून आले तर आतून आईचा आवाज येत होता, खणखणीत, मोकळा. मला वाटलं गावाहून कुणी आलंय. आत पाहिलं तर ती कोथिंबीर निवडत होती, काड्या ठमीला देत होती आणि आमच्या आत्याबद्दल तिच्याकडे तक्रार करत होती. मी दारातच उभी राहिले. त्या दिवसापासून ठमी म्हणजे नुसता ससा नव्हे, हे मला पक्कं कळलं होतं.

बाबांनी खुराडं केलं. सशाच्या घराला मराठीत नेमकं काय म्हणतात कोण जाणे, आम्ही खुराडंच म्हणायचो. कारखान्यातल्या पॅकिंगच्या फळ्या, चार पाय, पुढे जाळीचं दार. अंगणाच्या कोपऱ्यात ते उभं राहिलं तेव्हा बाबा मागे सरकून, कमरेवर हात ठेवून त्याच्याकडे बघत होते. बाबांचा एक स्वभाव सांगायला हवा. त्यांना फट सहन व्हायची नाही. दाराखाली फट दिसली की चिंधी, भिंतीत दिसली की सिमेंट. कारखान्यात त्यांचं कामच असं होतं की भाग एकमेकांत चपखल बसले पाहिजेत, आणि तेच ते घरी घेऊन यायचे. खुराड्याचं ते जाळीचं दारसुद्धा त्यांना मनातून जरा खटकत असावं.

मग एके दुपारी मालकीणबाई आल्या. जयम्मा त्यांचं नाव. आई त्यांना अक्का म्हणायची. केसांत कायम फुलं, हातात किल्ल्या, आणि बोलणं असं भरधाव की नुसतं ऐकूनही दमायला व्हावं. त्यांनी खुराडं पाहिलं. ते उभं होतं नेमकं दोन भिंतींच्या बेचक्यात, आणि जाळीचं तोंड भिंतीकडे, कारण समोरून धूळ येईल असं बाबांचं मत. जयम्मांनी मान हलवली, खुराड्यावर टकटक केलं आणि आईला काहीतरी दोनदा बजावून सांगितलं. मी शाळेत होते. संध्याकाळी बाबा आले तशी आई दारातच म्हणाली, "अहो, अक्का सांगून गेल्या. गल्लीतलं मांजर टपलंय."

"काय म्हणाल्या नेमकं?" बाबांनी विचारलं.

"बेक्कु बेक्कु, गल्ली बेक्कु. दोनदा म्हणाल्या. हातसुद्धा असे नाचवले."

आता आईची बाजू ऐका. तिला कानडीतले जेमतेम पाचसहा शब्द येत होते, आणि त्यातला एक 'बेक्कु' होता, म्हणजे मांजर. कारण जयम्मांच्या दुधावर एक बोका डोळा ठेवून होता आणि तो दिसला की सगळं वठार दणाणून जाईल असं त्या 'बेक्कु' म्हणून ओरडायच्या. तेव्हा तिला ऐकू आलं ते चुकीचं होतं असं तरी कोण म्हणेल? बोका तर खराच होता. बाबांना तर काय, हवंच होतं. त्यांनी त्याच आठवड्यात जाळीवर फळ्या ठोकल्या, वरच्या झाकणाच्या कडेला रबराची पट्टी बसवली आणि म्हणाले, "आता मांजर सोडा, मुंगीसुद्धा आत शिरणार नाही." आई त्या दिवशी निर्धास्त झोपली.

ठमी शिंकायला लागली. सशाची शिंक फार बारीक असते, आधी कुणाच्या लक्षातच आली नाही. मग तिचे डोळे पाणावलेले दिसू लागले, नाकाखालची लव ओली. गवत तसंच पडून राहायचं. बाबा म्हणाले, बंगळुरूची हवा गार, हिला थंडी बाधली. आणि त्यांनी खुराड्यावर गोणपाट पांघरलं. दुसऱ्या दिवशी ती जास्त शिंकली. मग दुहेरी गोणपाट झालं. कोथिंबिरीच्या काडीकडे तिनं तोंड फिरवलं तेव्हा मात्र आईचा चेहरा उतरला. देसाईकाका येऊन बघून गेले आणि म्हणाले, "तुमच्याकडे तिला मानवलं नाही. रविवारी येऊन नेतो. माझ्याकडे बाकीच्यांत राहिली तर जगेल." बाबांनी हो म्हटलं. रात्री जेवताना आईचा आवाज पुन्हा घोगरा आला. ठमी गेली तर आई दिवसभर कुणाशी बोलणार, हा एकच प्रश्न माझ्या डोक्यात होता, आणि तो मोठ्यांना का पडत नव्हता याचा रागही येत होता.

पण मला राग फार वेळ धरता येत नाही, तेव्हाही येत नव्हता. त्याच्या जागी कुतूहल येऊन बसतं. ठमी आमच्या अंगणात, आईच्या मांडीवर असली की कमी शिंकायची, हे मी पाहिलं होतं. मग थंडी बाधली कशी? अंगण तर खुराड्यापेक्षा गार. मी शाळेतून आल्यावर ठमीला आईकडे दिलं, गोणपाट काढलं, झाकण उचललं आणि डोकं आत घातलं. पुढचं मला काल घडल्यासारखं आठवतं. डोळ्यांत कांदा चिरल्यासारखं झोंबलं. नाकातून थेट टाळूपर्यंत गेलं काहीतरी. लघवीचा तो उग्र वास मी बाहेर उभी राहून कधी एवढा घेतलाच नव्हता. फळ्यांच्या आतल्या बाजूला हात लावला तर ओल्या. आणि आत असा गच्च काळोख की ठमीचं भांडं कुठे आहे तेही चाचपावं लागलं.

मी देवाजवळून एक उदबत्ती आणली. हे मला का सुचलं सांगता येत नाही. बहुधा आमच्या स्वयंपाकघरातला धूर रोज बघून. उदबत्ती अंगणात धरली तर धूर सरळ राहायलाच तयार नाही, इकडे पळ, तिकडे पळ. आतल्या फळीच्या भेगेत खोचली आणि झाकण टाकलं. बाहेर एक रेघ येईना. जरा वेळानं झाकण उचललं तर तो सगळा धूर वरच्या बाजूला गोळा होऊन बसलेला, हलायचं नाव नाही. मी आईला हाक मारली. ती ठमीला घेऊन आली, वाकून बघत राहिली.

"अगं, हे तर माझं स्वयंपाकघर झालं," आई म्हणाली.

मला वाटतं, आपण बोललो ते तिला तेव्हाच ऐकू आलं.

धूर पाहून जयम्मा किल्ल्या खुळखुळवत आल्या. कुणी कचरा जाळतंय असं त्यांना वाटलं असावं. फळ्या ठोकलेलं खुराडं पाहिलं आणि त्यांनी कपाळावर हात मारला. "एनम्मा इदु? नानु हेळिदे अल्ला?" म्हणजे हे काय बाई, मी सांगितलं नव्हतं का. मग त्या नेहमीच्या वेगानं तेच वाक्य म्हणाल्या, आणि या वेळी मी तिथे होते. शाळेत मी कानडीची बाराखडी गिरवत होते, पण हे शब्द पुस्तकात अजून आले नव्हते. मी म्हटलं, "अक्का, स्वल्प निधान." जरा हळू. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग आभाळाकडे बोट दाखवून एकेक अक्षर सुटं करत म्हणाल्या, "बे-ळ-कु." उन्हाकडे दाखवलं, पुन्हा "बेळकु." मग तळहातावर फुंकर मारली. "गाळी. बेळकु बेकु, गाळी बेकु."

उजेड हवा, हवा हवी. एवढंच त्या सांगत होत्या.

आईनं फार जपून विचारलं, "बेक्कु?"

"बेक्कु अल्लम्मा," जयम्मा म्हणाल्या, "बेळकु." आणि मग त्यांच्या ध्यानात आलं. त्या आधी खुराड्याकडे, मग फळ्यांकडे, मग आईकडे बघू लागल्या आणि जे हसू लागल्या ते खाली पायरीवर बसल्याच. आई आधी ओशाळली, मग तिलाही आवरेना. दोघी डोळे पुसत हसत होत्या आणि मध्ये ठमी शिंकत होती. त्या दोघी असं एकत्र हसताना मी पहिल्यांदाच पाहत होते. हसू ओसरल्यावर आईनं हातानं चार पाय, मिशा आणि शेपूट करून दाखवली आणि मराठीतच विचारलं, "पण अक्का, बेक्कु आलाच तर?" जयम्मांनी माझ्या फ्रॉकच्या कॉलरची जाळी चिमटीत धरून दाखवली. आई म्हणाली, "गाळीला जाळी." जयम्मांना ते कळलं की नाही माहीत नाही, पण मान त्यांनी जोरात डोलावली.

बाबांना सांगायचं कसं, हा प्रश्न होता. आईनं चहा दिला, मी उदबत्ती दिली. त्यांनी 'बेक्कु'ची कथा ऐकली, हसले नाहीत. झाकण उघडून त्यांनी स्वतः डोकं आत घातलं आणि लगेच बाहेर काढलं. बराच वेळ खुराड्याभोवती फिरले. मग म्हणाले, "एक भोक पाडून बघू." झालं, आता त्यांनाच चेव आला. वर एक भोक पाडलं, धूर तसाच. खाली समोरच्या बाजूला दुसरं पाडलं आणि उदबत्ती धरली, तर धूर वाकला आणि वरच्या भोकातून हळूच बाहेर निघाला. बाबा नुसते बघत राहिले. "आत यायला वाट नसेल तर बाहेर तरी कसा जाईल," असं स्वतःशीच म्हणाले. मग मी म्हटलं, खालचं भोक ठमीच्या नाकासमोर आहे, तिला वारा थेट लागेल. त्यांनी माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं, जणू मी त्यांच्या खात्यात नोकरीला लागले आहे. आम्ही ठमी बसल्यावर तिची पाठ कुठवर येते ते खडूनं आखलं, आणि वाऱ्याचा मार्ग त्या रेघेच्या वरून जाईल असं ठरवलं.

शनिवारी अर्ध्या दिवसानंतर बाबा मला चिकपेटेच्या बाजारात घेऊन गेले. त्या बोळांतून चालताना मी त्यांचा शर्ट धरला होता. लोखंडी सामानाच्या दुकानात बाबांनी बारीक विणीच्या जाळीचं भेंडोळं दाखवलं. दुकानदारानं विचारलं, "एष्टु बेकु सार?" किती हवी. बाबा काही क्षण त्याच्याकडे बघत राहिले आणि मग हसायला लागले. सबंध आठवडाभर न हसलेले तिथे हसले. दुकानदार बिचकला. मी बाबांच्या वतीनं म्हटलं, "बेकु. बेक्कु बेडा." हवी, पण मांजर नको. मला अजूनही प्रश्न पडतो, तो माणूस घरी जाऊन आमच्याबद्दल काय बोलला असेल?

रविवारी सकाळपर्यंत खुराडं ओळखू येईना. बेचक्यातून काढून पूर्वेकडे तोंड करून ठेवलं. पुढची अर्धी बाजू जाळीची, उरलेली फळ्यांची, म्हणजे झोपायला ठमीला अंधारा कोपराही राहिला. मागच्या भिंतीला छपराखाली लांब फट, तिलाही जाळी. तळाला पट्ट्या, मधे अंतर ठेवून, म्हणजे लेंड्या आणि ओल खाली पडावी. छपराचं टोक पुढे काढलं, दुपारच्या उन्हाला आणि पावसाला. आणि ते गोणपाट पडद्यासारखं वर गुंडाळून ठेवलं. वादळी पाऊस आला तरच सोडायचं. बाबांनी आयुष्यात पहिल्यांदा मापून फटी ठेवल्या होत्या.

देसाईकाका पिशवी घेऊन आले. ठमी नव्या खुराड्यात, जाळीजवळच्या कोवळ्या उन्हात बसली होती, आणि काका वाकले नेमकी तेव्हाच शिंकली. काका म्हणाले, "अजून आहेच की. नेतो मी." बाबा माझ्याकडे बघायला लागले, मी आईकडे. आई कुठल्याच गोष्टीला कधी नाही म्हणायची नाही. घर अंधारं मिळालं, ती काही बोलली नव्हती. माहेर लांब पडलं, तेव्हाही नाही. ती पुढे झाली, पिशवी काकांच्या हातातून घेतली आणि घडी घातली.

"राहू दे, भावजी," ती म्हणाली. "आता कुठे तिला उजेड मिळालाय."

ठमी राहिली. शिंका एकदम थांबल्या नाहीत. आधी डोळे कोरडे झाले, मग एका सकाळी कोथिंबिरीची काडी तिनं आईच्या हातातून ओढून घेतली. आईनं ती बातमी मला शाळेच्या वाटेपर्यंत धावत येऊन सांगितली. पदर खोचलेला, हाताला पीठ. पुढे ठमी आमच्याकडे चांगली म्हातारी झाली.

पण मला सांगायचंय ते यानंतरचं. जयम्मा भाडं घ्यायला आल्या होत्या, त्या दिवशी मी घरीच होते. पैसे घेऊन त्या वळल्या, आणि आई म्हणाली, "अक्का." मग थांबली. तिचे ओठ हलत होते. पाठ म्हणत होती बहुतेक. मला वाटतं तिनं ते कित्येक दिवस दिव्याखाली एकटीनं घोकलं असणार. तिनं आतल्या खोलीकडे बोट केलं आणि प्रत्येक अक्षर सुटं करून म्हणाली, "नमगू बेळकु बेकु." आम्हालाही उजेड हवाय.

जयम्मा दारातून आत आल्या. इतक्या दिवसांत त्या स्वयंपाकघरापर्यंत कधी आल्याच नव्हत्या. भर दुपारी जळणारा दिवा पाहिला, काळी पडलेली कौलं पाहिली. मग आईकडे वळून म्हणाल्या, "अष्टेना?" एवढंच ना.

मी तो शब्द आजही विसरलेले नाही. एवढंच होतं ते. आणि एवढं म्हणायला माझ्या आईला ससा आजारी पडावा लागला.

जयम्मांचा माणूस आला, त्यानं स्टोव्हच्या बाजूची दोन कौलं काढली. एकाच्या जागी काचेचं कौल बसवलं, दुसऱ्याच्या जागी धूर जाईल असं उंच तोंडाचं. आम्ही तिघंही खाली उभे राहून वर बघत होतो. तो माणूस बाजूला सरला आणि उन्हाचा एक लांबट तुकडा ओट्यावर पडला, पोळपाटावर, भाकरीच्या पिठाच्या परातीवर. आईनं त्यात हात धरला. उलटा केला, पुन्हा सुलटा केला. मग म्हणाली, "आलं बाई मांजर," आणि वळून तिनं भिंतीवरचा दिवा बंद केला.